अपाची इकडे, टॉमकॅट तिकडे: मधल्या वाटेवरचा मे-जून

वेब सर्व्हरवाला म्हणतो, आमचं चालू आहे. ॲप्लिकेशनवाला म्हणतो, आमचंही चालू आहे. फायरवॉलवाला म्हणतो, पोर्ट उघडा आहे. आणि ब्राउझरमध्ये दिसतं ‘५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल’. अशा वेळी अडचण कोणाचीच नसते, म्हणून ती सोडवायलाही कोणी नसतं. यंदा मे-जूनमध्ये नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेचं फी आणि प्रवेशाचं काम नव्या सर्व्हरवर हलवताना ही अडचण सोडवणं माझ्याकडे आलं. काय काय लागलं ते क्रमाने लिहिते. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांनी निदान लॉगमधल्या (सर्व्हरच्या नोंदवहीतल्या) आकड्यांकडे आधी पाहावं.

आधीची मांडणी अशी होती: एकच जुनं मशीन, त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टिम, पुढे अपाची (ब्राउझरशी बोलणारा वेब सर्व्हर) आणि मागे टॉमकॅट (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर). सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला कायमचे बंद झाले. संस्थेच्या तपासणीत त्यावर शेरा आला आणि ठरलं की त्याजागी अल्मालिनक्स ९ घ्यायचं, तेही दोन वेगळ्या मशीनवर. अपाची बाहेरच्या बाजूला, टॉमकॅट आतल्या नेटवर्कमध्ये, मधे फायरवॉल, म्हणजे काय आत सोडायचं ते ठरवणारा नाका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तोपर्यंत फीचं पान चालायला हवं होतं.

टॉमकॅट ९ च ठेवलं. १० पासून जावाच्या पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली आहेत, त्यामुळे जुनं ॲप्लिकेशन त्यावर आहे तसं चालत नाही. अपाची आणि टॉमकॅट एकमेकांशी साध्या एचटीटीपीने बोलू शकतात किंवा एजेपी नावाच्या जुन्या बायनरी प्रोटोकॉलने. इथे एजेपी होतं. पालकाचा मूळ आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पान एचटीटीपीएसवर आलं की नाही, हे सगळं एजेपी आपोआप मागे पोचवतं. फी भरल्यावर पेमेंट गेटवेने कुठे परत यायचं तो पत्ता ॲप्लिकेशन त्यावरूनच तयार करत होतं. शाळा तोंडावर असताना हे बदलायचं नाही असं ठरलं. माझं मत विचाराल तर नव्याने सुरू करणाऱ्याने एजेपीच्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक: एजेपीचा नेहमीचा पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा दार-क्रमांक) ८००९, पण इथे ८०१९ होता. पूर्वी कधीतरी त्याच मशीनवर दोन टॉमकॅट होते म्हणे. दुसरा गेला, आकडा राहिला.

तांत्रिक कामाच्या आधी कागद. संस्थेला गोपनीयता करार हवा होता. सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात जाऊन स्टॅम्प पेपर आणला, पाचशेचा. पूर्वी अशा करारांना शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो पाचशेचा झाला आहे, तेव्हा कोटेशन देताना जुना आकडा धरू नका. मग बदल-विनंतीचा अर्ज: कुठल्या आयपीवरून, कुठल्या आयपीला, कुठला पोर्ट, टीसीपी की यूडीपी, कारण काय, आणि फसलं तर मागे कसं यायचं. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात आणि अर्ज परत येतो. मी लिहिलं, ‘जुनं मशीन बंद न करता तसंच ठेवणार, डीएनएस परत फिरवणार’, म्हणजे साइटचं नाव पुन्हा जुन्या मशीनकडे वळवणार. ते पुरलं. सही सचिवांची लागते, आणि सचिव लग्नसराईत अमरावतीला. अर्ज आठवडाभर फाइलमध्ये पडून राहिला.

फायरवॉल सांभाळते ती बाहेरची एजन्सी. नवा नियम टाकायचे दीड हजार अधिक जीएसटी, आणि मुदत दोन कामकाजाचे दिवस. लॅपटॉपचा गेटपास वेगळा, त्यावर सिरीयल नंबर. जाताना तो नंबर जुळला नाही तर वॉचमन सोडत नाही, मग तुम्ही कोणी का असेना. प्रवासाचा मात्र त्रास नव्हता. आमचं ऑफिस शंकरनगरला, संस्था टेलिफोन एक्स्चेंज चौकाजवळ. दोन्ही मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर. मे महिन्यात नागपुरात दुपारी एसी डब्यातून जाता येणं ही काय चीज आहे ते इथल्यालाच कळेल.

बदल करायचा दिवस मेचा शेवटचा रविवार, ऐन नवतपातला, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांतला. सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही बसलो: मी, ॲप्लिकेशन लिहिणारा मुलगा, आणि संस्थेचे लॅब असिस्टंट, ज्यांना सगळे काका म्हणतात. डीएनएस फिरवलं, पान उघडलं, ५०३.

काका म्हणाले, “हे तर तसंच दिसून राहिलं मॅडम.”

अपाचीच्या एरर लॉगमध्ये ओळ होती: (१३) परमिशन डिनाइड, बॅकएंडशी (मागच्या सर्व्हरशी, म्हणजे टॉमकॅटशी) जोडणीचा प्रयत्न फसला. कंसातला तो १३ महत्त्वाचा. तो अपाचीचा नाही, लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा आकडा आहे. १३ म्हणजे पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) मशीनच्या बाहेर पडलेलंच नाही, आपल्याच घरात कोणीतरी अडवलं. हा एसई-लिनक्स, कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणारा लिनक्समधलाच पहारेकरी. नव्या मशीनवर तो चालू असतो आणि अपाचीला मनाला येईल त्या पोर्टवर जोडणी करू देत नाही. ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’, ‘नेम कनेक्ट’ आणि ८०१९ असं स्वच्छ लिहिलेलं सापडलं.

इंटरनेटवरचा पहिला सल्ला असतो, एसई-लिनक्स बंदच करा. करू नका. एक बूलियन (चालू-बंद करायचा खटका) आहे, ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’. ‘सेट-एसई-बूल’ने तो चालू करायचा आणि सोबत कॅपिटल पी द्यायचा, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की सेटिंग पुसलं जातं. आणखी काटेकोर राहायचं असेल तर ८०१९ ला एचटीटीपीच्या पोर्टांच्या यादीत टाकून फक्त ‘नेटवर्क रिले’चा बूलियन चालू करता येतो. आम्ही शेवटी तसंच केलं.

इथे एक गोष्ट फार फसवते. लोक रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन करतात, ‘एनसी’ कमांडने पोर्ट तपासतात आणि जाहीर करतात की जोडणी होते आहे, अपाचीच बिघडलं आहे. रूटच्या शेलला एसई-लिनक्सची ती बंधनं लागू नसतात, अपाचीला असतात. तेव्हा ‘एनसी’ चाललं म्हणून अपाचीला वाट मोकळी आहे असं होत नाही. आमच्याकडे तर ‘एनसी’ही नुसतं लटकून बसलं होतं. म्हणजे पुढे आणखी काहीतरी होतं.

एसई-लिनक्स मार्गी लागल्यावर लॉगमधला आकडा बदलला: (११०) कनेक्शन टाइम्ड आउट. पाकीट बाहेर पडलं, पण पलीकडून ना हो आलं ना नाही. असं मूकपणे गिळणारी वस्तू बहुतेक वेळा फायरवॉलच असते. एजन्सीला फोन लावला. रविवार. डीएनएस जुन्या मशीनकडे परत फिरवलं आणि घरी गेलो. मागे यायचा रकाना भरला होता तो असा कामी आला.

सोमवारी फोनवर ऐकलं, “मॅडम, रूल तर टाकलेला आहे. आमच्याकडून ओके आहे, तुम्हीच तुमचं चेक करून घ्या ना.”

अशा वेळी वाद घालून काही होत नाही, पुरावा लागतो. दोन्ही मशीनवर एकाच वेळी ‘टीसीपी-डंप’ (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) लावलं, फक्त ८०१९ साठी. अपाचीच्या मशीनवरून सिन (जोडणी मागणारी) पाकिटं जाताना दिसत होती, परत परत तीच. टॉमकॅटच्या मशीनवर एकही नाही. दोन्हींचे स्क्रीनशॉट, त्यावर वेळ आणि आयपी, एकाच मेलमध्ये. तासाभरात उत्तर आलं: नियम ८००९ साठी टाकला गेला होता. अर्जात ८०१९ होतं, पण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एजेपी’ निवडलं की ८००९ आपोआप येतो. दुरुस्तीचे वेगळे पैसे लागले नाहीत, मात्र तिकीट नवं काढावं लागलं आणि दोन दिवसांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा पोर्ट नेहमीचा नसेल तर अर्जात प्रोटोकॉलचं नाव लिहूच नका, ‘टीसीपी’ आणि आकडा एवढंच लिहा. आणि परतीच्या दिशेचा वेगळा नियम मागू नका. आजचे फायरवॉल जोडणी लक्षात ठेवतात, उत्तर आपोआप परत येतं.

बुधवारी नियम आला आणि आकडा पुन्हा बदलला: (११३) नो रूट टू होस्ट. हे वाचून माणूस रूटिंग टेबलकडे धावतो. काका तर केबलवाल्याला बोलवायला निघाले होते. रस्ता नीट होता. टॉमकॅटच्या मशीनवर लिनक्सची स्वतःची फायरवॉल असते, फायरवॉल-डी. तिला नको असलेलं पाकीट ती गिळत नाही, ‘मनाई आहे’ असा आयसीएमपी निरोप परत पाठवते, आणि पलीकडचं लिनक्स त्याचं भाषांतर ‘नो रूट टू होस्ट’ असं करतं. पिंग चालू आणि जोडणीला ११३ असेल तर आधी समोरच्या मशीनची फायरवॉल पाहा. आम्ही फक्त अपाचीच्या आयपीला ८०१९ उघडणारा रिच रूल टाकला, ‘परमनंट’ लावून, आणि मग रीलोड. सगळ्यांसाठी पोर्ट उघडायची घाई करू नये, का ते पुढे येतंच.

मग (१११) कनेक्शन रिफ्यूज्ड. हा आकडा पाहून मला बरं वाटलं आणि बाकीच्यांचे चेहरे पडले. १११ म्हणजे पाकीट थेट मशीनपर्यंत पोचलं, फक्त त्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही. टॉमकॅटच्या मशीनवर ‘एसएस’ चालवून ऐकणारे पोर्ट पाहिले. टॉमकॅट ८०१९ वर होतं, पण १२७.०.०.१ वर. स्वतःशीच बोलत बसलेलं.

याच्या मागे २०२० सालचं प्रकरण आहे, आणि जुनी सेटिंग्ज उचलून नव्या टॉमकॅटवर ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते आडवं येतं. एजेपीची धारणाच अशी की समोरून येणारा म्हणजे आपला विश्वासू वेब सर्व्हर. तो सांगेल ते खरं. पूर्वी टॉमकॅट बसवलं की ८००९ सगळ्या आयपींवर आपोआप उघडा असायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाने प्रसिद्ध झालेली त्रुटी बाहेर आली, क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८. त्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही विनंतीसोबत खास ॲट्रिब्यूट (माहितीची जादा नोंद) पाठवून ॲप्लिकेशनमधल्या फाइली वाचू शकत होता, कॉन्फिगरेशनसकट. म्हणून ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांपासून टॉमकॅटने तऱ्हाच बदलली. एजेपीची ओळ मूळ फाइलमध्ये कॉमेंट केलेली येते. ती चालू केली तरी फक्त लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशी बोलायच्या पत्त्यावर) ऐकते. ‘सेक्रेट’ (दोन्हीकडे सारखा ठेवायचा गुप्त शब्द) दिल्याशिवाय कनेक्टर, म्हणजे टॉमकॅटचा एजेपी ऐकणारा भाग, उठत नाही. आणि ओळखीचं नसलेलं ॲट्रिब्यूट आलं की विनंती नाकारली जाते.

आमच्या ॲप्लिकेशनवाल्या मुलाला सेक्रेटची एरर आधीच दिसली होती. त्याने कुठेतरी वाचून ‘सेक्रेट रिक्वायर्ड’ला ‘फॉल्स’ करून टाकलं होतं, जसं निम्मं जग करतं. टॉमकॅट उठलं, आणि तो निश्चिंत. ते ‘फॉल्स’ काढलं, लांबलचक सेक्रेट ठेवलं, ‘ॲड्रेस’मध्ये आतल्या नेटवर्कचा आयपी दिला. अपाचीच्या ‘प्रॉक्सी-पास’ (विनंती टॉमकॅटकडे पाठवणाऱ्या) ओळीतही तोच सेक्रेट, हा पर्याय अपाची २.४.४२ पासून आहे. सेक्रेट फाइलमध्ये उघडाच राहतो, तेव्हा दोन्ही फाइलींच्या परवानग्या आवळून घ्या.

टॉमकॅट रीस्टार्ट केलं, पान रीफ्रेश केलं, तरी ५०३. पुन्हा केलं, पुन्हा ५०३. मुलगा सेटिंग्ज उलटीपालटी करायला लागला तेव्हा त्याचा हात धरला. अपाचीने एकदा बॅकएंडला ‘मेलेला’ ठरवलं की पुढची ६० सेकंद तो तिकडे फिरकतसुद्धा नाही. ‘रीट्राय’ची मूळ किंमत तीच आहे. त्या मिनिटात तुम्ही बरोबर केलेलं काम चुकीचं दिसतं आणि लोक बरोबर केलेलं मोडतात. तपासणी चालू असेपर्यंत ‘रीट्राय’ शून्य ठेवा, नंतर काढा, किंवा प्रत्येक बदलानंतर अपाचीला ग्रेसफुल (चालू विनंत्या न तोडता) रीस्टार्ट द्या.

मिनिट सरलं आणि लॉगिनचं पान आलं. टाळ्या वगैरे झाल्या. मग काकांनी दुसऱ्या शाळेचा पत्ता टाकला आणि तिथे ४०३, म्हणजे मनाई.

पहिली शाळा चालते, कनिष्ठ महाविद्यालय चालतं, दोन शाळांना ४०३. सेक्रेट चुकला तरी टॉमकॅट ४०३ देतं, पण मग ते सगळ्यांनाच मिळालं असतं. ‘कॅटालिना डॉट आउट’मध्ये इशारा सापडला: रिव्हर्स प्रॉक्सीकडून (म्हणजे अपाचीकडून) अनोळखी ॲट्रिब्यूट आल्यामुळे विनंती नाकारली. त्या दोन शाळांच्या जुन्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (अपाचीतल्या त्या-त्या साइटच्या सेटिंगमध्ये) कोणीतरी ‘एजेपी_’ने सुरू होणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलं होतं, पावतीवर शाखेचं नाव छापण्यासाठी. अशी व्हेरिएबल अपाची मागे ॲट्रिब्यूट म्हणून पाठवतो. जुन्या टॉमकॅटला त्याचं काही वाटत नव्हतं, नव्याला वाटतं. कनेक्टरमध्ये ‘अलाउड रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स पॅटर्न’ नावाची जागा आहे, तिथे त्या एका नावाचा पॅटर्न दिला. काही जण तिथे ‘डॉट स्टार’ टाकून सगळंच खुलं करतात. मग घोस्टकॅटनंतर लावलेल्या कड्यांपैकी एक आपणच काढली असं होतं.

पुढच्या रविवारी डीएनएस पुन्हा फिरवलं, आणि या वेळी ते तिथेच राहिलं.

हे इथेच संपलं असतं तर बरं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा रोज सकाळी फोन: “मॅडम, सकाळी सकाळी पान फिरूनच राहिलं, मग एकदम चालू होते.” दिवसभर काही नाही. फक्त रात्री कोणी वापरलं नसेल तर सकाळचे पहिले काही पालक अडकायचे. एक आई फी भरताना अडकली, खात्यातून पैसे गेले का ते तिला कळेना, ती थेट कार्यालयात आली. पैसे गेले नव्हते. पण तिचा तास गेला, आणि तिच्यासमोर उभं राहून कनेक्शन पूल समजावून सांगण्यात काही अर्थ नव्हता.

कारण असं: अपाची एकदा केलेली जोडणी तोडत नाही, पुढच्या विनंतीसाठी राखून ठेवतो. एजेपीत टॉमकॅटची मूळ मुदतही अमर्याद असते. मधला फायरवॉल मात्र तासभर शांत असलेली जोडणी आपल्या यादीतून काढून टाकतो, दोन्ही बाजूंना न कळवता. सकाळी अपाची त्याच मेलेल्या जोडणीवर विनंती पाठवतो आणि वाट पाहत बसतो.

मॅन्युअल म्हणतं, मधे फायरवॉल असेल तर ‘कीप-अलाइव्ह’ (शांत जोडणीवर अधूनमधून तपासणीचं पाकीट पाठवणं) चालू करा. केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच! लिनक्सचं टीसीपी कीप-अलाइव्हचं पहिलं पाकीटच मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी निघतं. फायरवॉल तासाभरातच जोडणी विसरलेला असतो. कर्नलमधली ती वेळ ६०० वर आणली. शिवाय ‘टीटीएल’ देऊन ठेवला, म्हणजे ठरावीक वेळ रिकामी पडलेली जोडणी अपाची परत वापरत नाही. आणि ‘पिंग’ तीन सेकंदांचा, म्हणजे विनंती पाठवण्याआधी अपाची टॉमकॅटला हाक मारतो आणि तेवढ्या वेळात ओ आली नाही तर नवी जोडणी करतो. एजन्सीकडून त्यांची निष्क्रियतेची मुदत मात्र लेखी मागून घ्या. फोनवर मला आधी ‘असं काही नसते’ असं सांगितलं होतं, मेलवर ३६०० सेकंद आलं.

फीच्या गर्दीचा विचार एकदा केला. एकाच वेळी विनंत्या हाताळणारे टॉमकॅटचे मूळ २०० थ्रेड, तर अपाचीचे (इव्हेंट एमपीएम या त्याच्या कामाच्या पद्धतीत) ४०० वर्कर, म्हणजे दुप्पट. आजचा एजेपी कनेक्टर रिकाम्या जोडणीसाठी थ्रेड अडवून ठेवत नाही, आणि संस्थेची गर्दी तेवढी नव्हतीच. काही बदललं नाही.

शाळा उघडल्या त्या आठवड्यात सकाळचे फोन आले नाहीत. काम बंद करायचा अर्ज भरला. त्यात ‘मूळ कारण’ या रकान्याला दीड ओळीची जागा आहे, तिथे ‘सोबत जोडपत्र पाहा’ लिहून दोन पानं जोडली. बिल टीडीएस कापून ऑगस्टमध्ये जमा झालं. स्टॅम्प पेपरचे पाचशे त्यात धरले नाहीत, कारण पावती संस्थेच्या नावाने नव्हती. तुम्ही घेताना नाव सांगून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत एजेपी काढून साधं एचटीटीपी करायचं ठरलं आहे. परतीचा पत्ता तयार करणारा भाग मुलगा बदलतो आहे, मूळ आयपीसाठी टॉमकॅटचा रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावणार आहोत. त्याचा बदल-विनंतीचा अर्ज आत्ताच देऊन ठेवला आहे, कारण दिवाळीनंतर पुन्हा लग्नसराई.